रिपोर्ट आला नव्हता

आम्ही ज्याला मेजर म्हणायचो तो सैन्यात कधीच नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला त्याच्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. पुण्यात कुठल्याशा सोसायटीत राहायचा, वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा आणि रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून पन्नास माणसांना हुकूम सोडायचा. हा त्याचा पराक्रम. त्याचं खरं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे ‘मेजर सर’ म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. आज माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, दोन वेळा नोकरी बदलून झाली, तरी त्या माणसाचा विषय निघाला की माझं डोकं सणकतं. घरातली माणसं लगेच एकमेकांकडे बघून हसतात. आई तर उघडच म्हणते, “झाला हिचा मेजर चालू.” हसा. मला काही फरक पडत नाही. राग खरा असला की माणसानं तो लाजून आवरू नये, असं माझं मत होतं आणि आहे.

आमचं गाव खारेपाटातलं, पेणहून अलिबागला जाताना खाडीच्या अंगाला. आजोबांच्या वेळेपर्यंत मिठागर होतं. बाबांनी मीठ सोडून ट्रक घेतला, एकाचे दोन केले, आणि माझ्या दादानं, नरेशनं, ट्रकही नको म्हणत घराच्या खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला. आठ मशिन, एक एसी, दारावर निळ्या अक्षरांची पाटी. सकाळी शाळेची पोरं यायची, संध्याकाळी नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं असलेल्या मुली यायच्या. दुपारी क्लास रिकामा असायचा आणि मागच्या स्वयंपाकघरातून सुकटीचा, नाहीतर खाडीतल्या निवट्यांच्या कालवणाचा वास पार मशिनच्या पंख्यांतून फिरून यायचा. बाबांची गाडी अंगणात मागं घेताना पीं पीं वाजायची, कोंबड्या फडफडायच्या, आई ओरडायची, “माज्या तुलशीवर घालतंस का आता गारी?” आणि या सगळ्या गोंधळात आम्ही आठ जण युद्ध खेळायचो. मी, दादा, चुलतभाऊ भूषण, आमच्याच आळीतली चार मुलं आणि दादाची बायको, सुगंधा वहिनी.

लोकांना वाटतं, गोळीबाराचे गेम म्हणजे दिसेल त्याला ठोकत सुटायचं. तसले गेम भूषण नववीतच खेळून कंटाळला होता. हा गेम निराळा होता. इकडे पन्नास, तिकडे पन्नास, मैलभर लांबीचं रान, नदी, पूल, गावं. एक गोळी लागली की माणूस आडवा. पळालं की दम लागायचा आणि बंदुकीची नळी थरथरायची. आपला कोण, परका कोण, हे डोक्यावर लिहिलेलं नसायचं; ते बोलूनच कळायचं. किती मारले याचा आकडाही पडद्यावर यायचा नाही. आठ-आठ जणांची तुकडी, तुकडीचा एक म्होरक्या. तुकडीतली माणसं आपल्यातच बोलणार आणि म्होरक्या तेवढा वर मेजरशी बोलणार. आमच्या तुकडीची म्होरकी मी होते, कारण माझा आवाज मोठा आणि इंग्रजी बरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या गेममध्ये गोळ्या आपोआप भरायच्या नाहीत. मागच्या तळावरून ट्रकात घालून दारूगोळा पुढच्या ठाण्यावर न्यावा लागायचा. ट्रक आला नाही तर पन्नास शूर वीर हात चोळत बसले. ट्रकवाल्याच्या घरात वाढलेल्या मला यात काय नवल वाटणार? पण आमच्यातल्या एकालाही ट्रक चालवायचा नव्हता. सगळ्यांना बंदूक हवी.

ट्रक चालवला वहिनीनं. ती पालीच्या आतल्या बाजूची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, मुलगी स्वरा सहा महिन्यांची. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, तरी मला ‘वन्सं’ म्हणायची आणि ‘तुमी’ करायची. सांगून सांगून थकले, ऐकलं नाही. एकदा माणूस कमी पडला म्हणून दादानं तिला सहज बसवलं आणि ही बाई पहिल्याच रविवारी अंधारातनं, दिवे न लावता, ओढ्याकाठच्या आडवाटेनं ट्रक ठाण्यावर घेऊन आली. कुणाला पत्ता नाही. तिचं मशिन सगळ्यात जुनं, क्लासमधून काढून टाकलेलं, स्वयंपाकघरामागच्या खोलीत धान्याच्या पिंपाशेजारी ठेवलेलं. त्याच्यात ताकद इतकी कमी, की तिच्या पडद्यावर गवतच उगवायचं नाही. सपाट हिरवी जमीन. त्यामुळे लांबून येणारी गाडी तिला आमच्या कितीतरी आधी दिसायची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, गॅसवर कुकर, हातात माऊस, आणि कानावर येणारा तिचा शांत आवाज: “वन्सं, गोळ्या आल्या हो. घ्या.” तिला कधी कोणी ‘वा’ म्हटलं नाही, आम्हीही नाही. गोळ्या भरून पळालो. हे आज लिहिताना माझंच मला वाईट वाटतंय, पण ते तसंच होतं.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची शेतं भरतीच्या पातळीच्या खाली. मधे फक्त मातीचा बांध. उधाणाला पाणी चढतं आणि एखाद्या जागी बांध फुटतो, त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं तर ते शेत दोन-तीन वर्षं दाणा देत नाही. म्हणून लहानपणापासून एकच शिकवण: खांड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं तिथंच उभं राहून बोंब मारायची, जागा सोडायची नाही, आणि ज्याला बोंब ऐकू येईल त्यानं हातातलं टाकून तिकडे पळायचं. कुणाचं शेत, कुणाचा बांध, विचारायचं नाही. माझी आई एकदा डोक्याला शिकेकाई लावलेल्या अवस्थेत धावली होती. वहिनीच्या माहेरची तऱ्हा बरोब्बर उलटी. तिकडे रानडुकरं. पीक तयार झालं की प्रत्येकजण आपापल्या शेतातल्या माळ्यावर राखणीला. शेजारच्या शेतात कितीही आरडाओरड झाली तरी आपला माळा सोडायचा नाही, कारण सगळे तिकडे धावले की डुकरं इकडून शिरतात. वहिनीनं हे मला वाल सोलता सोलता सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, “काय गं तुमचं गाव, माणूस मेला तरी कोणी येणार नाही.” ती हसली होती.

आता मेजरकडे येते. मेजरला सगळं खरं हवं असायचं. ‘रिअ‍ॅलिझम’ हा शब्द त्याच्या तोंडात पान असावं तसा कायम. बोलताना ‘ओव्हर’ म्हणायचं, हसायचं नाही, गेममधला माणूस मेला की त्यानं बोलायचं नाही, त्याच्या लाइनवर मराठी बोलायची नाही, हिंदी नाहीतर इंग्रजी. हे सगळं आम्ही मुकाट ऐकलं. पण एका रविवारी मी मेजरच्या लाइनवर बोलत असताना आमच्या कुकरची शिट्टी झाली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आवाज माझ्या माईकमधून थेट पुण्यात. “किसका कुकर है?” मेजर गरजला. मी खरं तेच सांगितलं, आमच्या ड्रायव्हरचा. तर म्हणतो कसा, “यह वॉर है, किचन नहीं. इन आंटी को बोलो, पहले खाना बना लें.” आंटी! पंचवीस वर्षांची बाई! आणि पन्नासच्या पन्नास जण फिदीफिदी हसले. हसायचं नाही हा नियम तेव्हा कुठे गेला कोण जाणे. मला अजून सांगा, बॉम्बचा आवाज खरा हवा, चिखल खरा हवा, जखमी माणसाचं विव्हळणंसुद्धा खरं हवं, आणि जेवण शिजल्याचा आवाज तेवढा खोटा? अरे, फौज काय वारा खाऊन लढते का रे मेल्या? पण हे मला सुचलं दुसऱ्या दिवशी, आंघोळ करताना. त्या वेळी मी ‘सॉरी सर’ म्हणाले आणि उठून मधलं दार लावून घेतलं.

त्या वर्षी मेजरनं टूम काढली, पुण्याला एक हॉल घेऊन दोन दिवसांचे सामने भरवायचे, सगळ्यांनी समोरासमोर यायचं. आमच्या फळीतल्या सहा तुकड्यांपैकी चारच जाणार होत्या आणि कुठल्या चार ते शेवटच्या एका सामन्यावर ठरणार होतं. तुम्हाला हे पोरखेळ वाटेल. पण वहिनीसाठी तो पोरखेळ नव्हता. ती माहेर आणि सासर सोडून कुठेच गेलेली नव्हती. नागावचा समुद्रसुद्धा तिनं आमच्याबरोबर पहिल्यांदा पाहिला. ‘सुगंधाला पण न्यायचं’ असं दादानं जेवताना सांगितलं तेव्हा ती वाढता वाढता थांबली. मला वाटलं, आई आता फुटणार. तर आई भाकरी थापत म्हणाली, “जाऊ दे की. पोरीला मी बघतंय. पर जिकून या गो, नायतर गावात तोंड दाखवू नका.” वहिनीनं त्या रात्री मला विचारलं, पुण्याला थंडी असते का, स्वेटर न्यावा का. तिनं कधी कशासाठी हट्ट धरलेला मी पाहिला नव्हता. हाही धरला नाही, पण स्वेटर मात्र ट्रंकेतून काढून उन्हात घातला.

तो सामना रविवारी तीन वाजता. आई शेजारच्या हळदीला गेलेली, लांबून बेंजो ऐकू येत होता. आम्ही सात जण क्लासमध्ये दार लावून बसलो, वहिनी मागच्या खोलीत. आमच्याकडे नदीचा काठ, त्याच्यावरचा पूल आणि मागे रस्त्याच्या तिठ्यावरचं ठाणं. ठाण्यावर दारूगोळ्याची खोकी आणि वहिनीचा ट्रक. ते ठाणं गेलं की आमची अख्खी बाजू गेली, कारण गोळ्या तिथून आणि मेलेला माणूस परत उभा राहायचा तोही तिथूनच. मेजरचा हुकूम साफ होता: चौघं पुलावर, दोघं काठावर, एकानं रस्ता राखायचा, ड्रायव्हर ठाण्यावर. रस्ता मी राखत होते. अर्धा तास छान गेला. वहिनीनं दोन खेपा केल्या. दादा पुलावर शीळ घालत होता आणि मी त्याला दटावत होते.

मग नदीच्या वळणावर उभ्या असलेल्या भूषणला पाण्यातून येणारी माणसं दिसली. आता त्यानं काय म्हणायला हवं होतं? ‘शत्रू, ईशान्येला, अंतर इतकं.’ आम्ही पाठ केलं होतं. पण पाणी, काठ, आणि आत शिरणारं काहीतरी, हे बघून त्याच्या तोंडून रक्तातलंच निघालं. “खांड! खांड परली! धावा रं!” आणि आम्ही धावलो. शप्पथ सांगते, एकानंही विचार केला नाही. पुलावरचे चौघं धावले, काठावरचा दुसरा धावला आणि रस्ता सोडून मी धावले. म्होरकी मी, थांबा म्हणायचं काम माझं, आणि सगळ्यांच्या पुढे मीच. जगातली कुठलीही तुकडी असं करणार नाही. खारेपाटातलीच करेल. वळणावर आम्ही त्या आठ-दहा जणांना पाण्यातच आडवं केलं, क्लासमध्ये टाळ्या पिटल्या, भूषणनं खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली. आणि टाळ्या पिटून होतात न होतात तोच आमच्या मागं रस्त्यावर धडाधड आवाज झाले आणि पडद्यावर अक्षरं आली, की आमचं ठाणं उद्ध्वस्त झालं. नदीतली माणसं नुसतं आमिष होती. खरी फौज चार गाड्यांत बसून मोकळ्या रस्त्यानं, कोणी राखत नसलेल्या रस्त्यानं, आली होती. पुढच्या वीस मिनिटांत आमच्याकडे गोळी उरली नाही आणि सामना गेला.

संपल्यावर मेजरनं सगळ्यांना एका लाइनवर घेतलं. पन्नास जण ऐकत होते. वहिनीही ऐकत होती. “ठाण्यावर कोण होतं?” आमची ड्रायव्हर. “तिनं गाड्या येताना पाहिल्या नाहीत? रिपोर्ट केला नाही?” हा प्रश्न मला होता, कारण तिचा आवाज तुकडीच्या लाइनवर येणार, मेजरला तो ऐकू जाणारच नाही. मी म्हणाले, “नो सर. रिपोर्ट आला नव्हता.” मेजर हसला. “मैंने बोला था. किचन.” मग त्यानं निकाल दिला, जसा काही हायकोर्टच. तुकडी चांगली लढली, नदी राखली, दोष ड्रायव्हरचा, ड्रायव्हर बदला आणि पुण्याला या. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणही दुसऱ्याचं. माझ्या शेजारी दादा बसला होता, तिचा नवरा. त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि टोक करायला घेतलं. थोड्या वेळानं मधलं दार उघडून वहिनी आली, सगळ्यांना चहा दिला आणि कप मोजून घेऊन गेली.

आणि आम्ही पुण्याला गेलो. हो, गेलो. वहिनीच्या जागी भूषणचा एक मित्र ट्रकवर घेतला, त्यानं पहिल्याच सामन्यात भर रस्त्यानं दिवे लावून ट्रक नेला आणि खोक्यांसकट उडवून घेतला. दुपारच्या जेवणाआधी आमचे सामने संपले. मेजरला तिथंच पाहिला. बुटका, केस चापून बसवलेला, दंडावर सैन्याची चित्रं असलेलं जर्किन. मला म्हणतो, “युअर ड्रायव्हर वॉज बेटर, नो?” आणि हसला. त्याच्या त्या हसण्यावर मी आयुष्यभर जगले आहे. परत आल्यावर वहिनीनं विचारलं, पुणं कसं आहे, थंडी होती का. मी म्हटलं, होती. तिनं मान डोलावली. त्यानंतर ती मशिनसमोर बसली नाही. पुढच्या महिन्यात दादानं ते जुनं मशिन भंगारवाल्याला दिलं.

तेव्हापासून मी मेजरला शिव्या घालते आहे. दिवाळीला घालते, शिमग्याला घालते, गणपतीत पाहुण्यांसमोर घालते. बायकांना स्वयंपाकघराबाहेर बघवत नाही अशा लोकांचा विषय निघाला की मी मेजरची गोष्ट सांगते. ऑफिसात एकदा एका साहेबानं ‘लेडीजना प्रेशर झेपत नाही’ म्हटलं, तेव्हा त्यालाही सगळ्यांदेखत सांगितली. छान रंगते. ऐकणारे चुकचुकतात. वहिनी समोर असली तर माझा आवाज आणखी चढतो. मी तिला सांगायचे, “तुझ्यावर अन्याय झाला, वहिनी, आणि मी तो विसरणार नाही.” ती म्हणायची, “जाऊ द्या हो वन्सं,” आणि कामाला लागायची. दादाला मी कितीदा तोंडावर म्हटलंय, पेन्सिल तासत बसलास, नवरा आहेस का कोण? रिपोर्ट का आला नाही, याचं उत्तरही माझ्याजवळ तयार होतं. इतका गोंगाट, इतकी धावपळ, जुनं मशिन, तिचा माईक बंद पडला असेल. मला ऐकू आलं नाही, यात माझा काय दोष? मला हे खरंच वाटायचं. लोकांना सांगायला रचलेलं नव्हतं ते.

या मे महिन्यात दादानं क्लास बंद केला. आता सगळं मोबाइलवर, क्लासला येतो कोण? खोलीत बाबांच्या ट्रकचे टायर ठेवायचे ठरले. मी चार दिवस गेले होते आवरायला. स्वरा, जी त्या वेळी पाळण्यात होती, आता कॉलेजात जाते. तिला कपाटात जुन्या डिस्क सापडल्या. भूषणला तेव्हा सामने टिपून ठेवायची सवय होती, तुकडीच्या लाइनवरचं बोलणंसुद्धा. स्वरानं जुळवाजुळव करून एक डिस्क चालू केली आणि हाक मारली, “आत्या, ये लवकर, तुझा मेजरवाला सामना!” मी खुर्ची ओढून बसले. मला आनंद झाला होता. म्हटलं, बघ आता, दाखवते तुला पुरावा, तुझ्या आईवर काय अन्याय झाला तो.

भूषणची बोंब आली. आमची धावाधाव आली. आणि मग त्या सगळ्या आरडाओरडीत, पण अगदी स्वच्छ, वहिनीचा आवाज. “वन्सं, रस्त्यानं गाड्या येतायत. चार हायत.” मग परत. “वन्सं, चार गाड्या, वडाच्या झाडापाशी आल्या. मी ठाणं सोडत न्हाय, पण कोणतरी या.” मग तिसऱ्यांदा, थोड्या घाईनं. “वन्सं, ऐकताय ना? मेजरसायबांना सांगा.” आणि त्याच्यावर लगेच माझा आवाज. पुलावरच्या मुलांना नाही, भूषणला नाही. तिलाच. “वहिनी, तू गप्प बस गं! मधे मधे बोलू नको, इथं महत्त्वाचं चाललंय!”

त्यानंतर ती बोललेली नाही. ठाणं उडेपर्यंत तिची लाइन चालू आहे आणि तिच्यावर पाळण्याची करकर ऐकू येते, बस्स. स्वरानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मी दोनदा मागं नेऊन ऐकलं. चुकून दुसऱ्या कुणाचा आवाज असेल म्हणून. कुणाचा असणार? तुकडीत बाया दोनच होत्या.

वहिनी मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसली होती. मी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडाला येईल ते बोलले. डिस्क सापडली, सगळं ऐकलं, तू तीनदा सांगितलंस आणि मी तुला गप्प केलं, आणि वर पन्नास जणांत खोटं बोलले. वहिनी बोंबील चिरायची थांबली नाही. म्हणाली, “मला तवाच म्हायती व्हतं की. तुमचा आवाज मी वळखत न्हाय व्हय?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?” माझा आवाज चढलाच. सवय. “राग नाही आला तुला?”

“आला ना. अजून हाय.” तिनं विळी बाजूला सारली आणि पहिल्यांदा वर बघितलं. “त्या दिवशी आला त्याच्यापरीस तुमी मेजरला शिव्या घालायच्या तवा जास्त यायचा. मला दर टायमाला वाटायचं, आता बोलतील. आता सोताचं नाव घेतील. तुमी सगळ्यांना सांगून झालं की पाणी प्यायच्या नि जेवायला बसायच्या. मी वाढायची. शिव्या घालायला मेजर बरा सापडलाता तुमाला.”

मला रडू आलं नाही. संताप आला, पण या वेळी तो टाकायला जागा सापडेना. मी पायरीवर बसले. म्हटलं, मी हे लिहून काढणार आहे. ती म्हणाली, “लिवा. पण मग सगळं लिवा.”

तर लिहिलं. मेजरला घातलेली एकही शिवी मी कमी केलेली नाही. तो त्या लायकीचाच होता. पण त्याला वहिनीचा आवाज कधी ऐकूच गेला नव्हता. मला गेला होता. तिला गप्प बस म्हणणारी मी, जयश्री. रिपोर्ट आला नव्हता म्हणणारीही मीच. तो आला होता. तीनदा.